समासातली ओळ

मुलांनीच मुलांचा केलेला छळ हा आमच्या पाहणीचा विषय. त्या दिवशी तालुक्याच्या एका शाळेत आठवीच्या वर्गाकडून प्रश्नावली भरून घेत होते. पालकांची संमती, मुलांचा लेखी होकार आधीच घेतला होता. फॉर्मवर नाव नाही, हजेरी क्रमांक नाही. वर्गशिक्षकांना बाहेर बसायची विनंती करावी लागते आणि बहुतेकांना ती झोंबते. पण शिक्षक बाकांमधून फिरत असले, की वर्गात कोणालाच कधी काही झालेलं नसतं.

या प्रश्नावलीवर आम्ही जीव ओतला आहे. 'त्रास होत नाही' म्हणणाऱ्याला पुढचे प्रश्न गाळायला सांगितलं, तर ज्याला त्रास होतो तोच एकटा शेवटपर्यंत लिहीत राहतो, आणि ते मागच्या बाकाला दिसतं. म्हणून सगळ्यांना सगळे प्रश्न. छळ म्हणजे काय, ते मी आधी मोठ्यानं वाचते: मुद्दाम, वारंवार, आणि ज्याला स्वतःचा बचाव करणं जड जातं त्याला दिलेला त्रास. ही मांडणी नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेउस यांची. तिथे १९८२ मध्ये तीन मुलांनी जीव दिला आणि पुढच्याच वर्षी देशभर शाळांमधून छळाविरुद्ध मोहीम निघाली.

संध्याकाळी गठ्ठा तपासताना एका मुलाचा फॉर्म हाती आला. किती वेळा? 'आठवड्यातून अनेकदा'. कोणाला सांगितलं? 'कोणालाच नाही'. आणि समासात पेनानं लिहिलेलं: 'मुतारीत जाऊ देत नाहीत म्हणून शाळेत पाणी पीत नाही.'

त्याच गठ्ठ्यात, असं काही पाहिल्यावर काय करतोस, या प्रश्नाला कितीतरी मुलांचं उत्तर होतं, 'मदत करावीशी वाटते, पण करत नाही.' म्हणजे वर्गाला माहीत होतं. छळ दोघांत घडत नाही, भोवतीचे साथ देतात, हसतात किंवा गप्प राहतात, हे फिनलंडमध्ये संशोधक क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्येच मांडलं आहे.

मुलगा कळू न देता मी मुख्याध्यापकांना जागा सांगितली. ते कळवळले, हे खरं. पण लगेच म्हणाले, "मॅडम, फॉर्म दाखवा. वर्गशिक्षक अक्षरावरून पाच मिनिटांत ओळखतील."

"सर, नाव कळणार नाही असा शब्द मी मुलांना दिलाय. आणि नाव कशाला हवं? मधल्या सुट्टीत मुतारीपाशी एक शिक्षक उभा करा."

"सुट्टीत शिक्षकांनी डबा खायचा नाही का?"

मला राग आला, अजून आहे. सुट्टीतली देखरेख हा ओल्वेउस यांच्या छळ रोखायच्या कार्यक्रमाचा साधा, बिनखर्चाचा भाग आहे.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक दिला, समुपदेशक ताईंची वेळ सांगितली. तो मुलगा त्यांच्याकडे गेला का, मला कळायची सोय नाही. नाव विचारलं असतं तर त्यानं ती ओळ लिहिली नसती. विचारलं नाही म्हणून त्याच्यापर्यंत पोचता येत नाही. आता प्रत्येक फॉर्मसोबत वेगळी चिठ्ठी द्यायचा प्रस्ताव मी पाहणीचे नियम तपासणाऱ्या नीतिसमितीकडे दिलाय: बोलायचं असेल त्यानं नाव लिहायचं, बाकीच्यांनी कोरीच घडी घालून पेटीत टाकायची. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. मुतारीपाशी कोणी उभं राहतं का, ते विचारायला मी दर सोमवारी शाळेत फोन करते.