मालक म्हणाले, हा आमचा कामगारच नाही

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर होतो. 2022 साली उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून गेली. माणसं दहाच्या आत, म्हणून ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, नाही. पगार बारा हजार, तोही रोख. मालकांनी दवाखान्याचं बिल भागवलं आणि नंतर पन्नास हजार घरी पाठवले, सोबत स्टँप पेपर: ‘यापुढे माझी कसलीही मागणी नाही.’ बायकोने पैसे आणि कागद दोन्ही परत पाठवले. असा हक्क सोडल्याचा करार कायद्यात टिकत नाही हे आम्हाला पुढे कळलं, पण त्या दिवशी घरात पैशाची किती ओढ होती ते तिलाच माहीत.

सांगलीत विजयनगरला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज दिला. कामगाराला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. मला ज्या वकील मॅडम मिळाल्या त्यांनी पहिल्यांदा पिशवीतले सगळे कागद टेबलावर काढायला लावले. आमच्या नोटिशीला मालकांचं उत्तर आलं, ‘सदर इसम आमचा कामगार नाही.’ इतकी वर्षं ज्यांच्याकडे राबलो त्यांचं ते वाक्य वाचून घास उतरेना.

तिथे कामी आला मिरजेच्या सिव्हिलचा केसपेपर. कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनी घाईच्या अक्षरात लिहिलं होतं: कंपनीत काम करताना प्रेसमध्ये हात सापडला. खाली वेळ, आणि पेशंटला आणणारा म्हणून आमच्या सुपरवायझरचं नाव. मॅडमनी त्या नावाखाली पेन्सिलीने रेघ मारली. जोडीला शिफ्टचे व्हॉट्सॲप मेसेज होते. आणि एक सोबती साक्षीला उभा राहिला, स्वतःची नोकरी तिथेच असताना. त्याचं ऋण फिटणार नाही. म्हणून सांगतो, दवाखान्यात ‘कुठे आणि कसं लागलं’ हे लिहून घेतल्याशिवाय हलू नका.

हिशोब 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याप्रमाणे झाला. पगाराचे 60 टक्के, म्हणजे 7,200. वय 40, त्या वयाला कायद्यातल्या तक्त्यात गुणक 184.17. एका हाताची दोन बोटं गेल्यास कमाईची ताकद 20 टक्के गेली असं धरतात, म्हणून त्या गुणाकाराचे 20 टक्के. सगळं मिळून 2 लाख 65 हजारांच्या आसपास. महिन्याभरात भरपाई दिली नाही तर वर 12 टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर भरपाईच्या निम्म्यापर्यंत दंड. तारखा पडत गेल्या, पण निकाल माझ्या बाजूने लागला. भरपाई आणि व्याज मालकांच्या विमा कंपनीने कोर्टात भरलं. दंड मात्र मालकांना स्वतःच्या खिशातून भरावा लागला, तो विम्यात बसत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे, तेव्हा नव्या अपघाताचे नियम वकिलांकडूनच समजून घ्या. वकील परवडत नाही म्हणून घरी बसू नका, विधी सेवेच्या 15100 या हेल्पलाइनवर फोन लावा.