उजनीच्या पाण्यावर वेगाचे धडे

सोलापूरकराला उजनी भेटते ती नळातून, तीही काही दिवसांआड. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं आणि त्याची साठवण ११७ टीएमसीच्या घरात आहे, हे शाळेतच पाठ झालेलं. पण त्या पाण्यावर स्वतः इंजिन चालवायचं हे डोक्यात आलं ते मावसभावामुळे. दादा टेक्सासला असतो. तिथे बास नावाच्या माशाच्या गळ-स्पर्धा चालतात, आणि त्यासाठी खास बनवलेली बास बोट त्याच्याकडे आहे. एकवीस फुटी, बसक्या अंगाची, मागे २५० हॉर्सपॉवरचं इंजिन. ती ताशी ११० किलोमीटरपर्यंत पळते. रस्त्यावर या वेगाला निदान ब्रेक असतो, पाण्यात तोही नसतो.

दादा सुट्टीवर आला तेव्हा मी हट्टच धरला. करमाळ्याकडच्या त्याच्या एका मित्राची सोळा फुटी फायबरची बोट आहे, चाळीस हॉर्सपॉवरची, स्टिअरिंगवाली. पहाटे सोलापूर सोडलं. मोहोळ, मोडनिंब मागे टाकत टेंभुर्णीला चहा घेतला आणि करमाळ्याच्या रस्त्याला लागलो. कंदरला दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा, पुढे जेऊर, मग ऊस आणि ऊसच. तो संपला तिथे एकदम पाणी.

बोटीत पाय ठेवण्याआधी जॅकेट. मग लाल गुंडाळीची एक दोरी दादाने माझ्या जॅकेटला अडकवली. तिचं दुसरं टोक इंजिनच्या स्विचला. चालवणारा पाण्यात फेकला गेला की दोरी निसटते आणि इंजिन जागीच बंद पडतं. नाहीतर रिकामी बोट गोल फिरत परत येते, आणि इंजिनचा फिरता पंखा समोरचा माणूस ओळखत नाही. अमेरिकेत २६ फुटांखालच्या मोटारबोटींना वेगात असताना हे बंधन १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. आपल्याकडे कोणी सांगो न सांगो, दोरी अडकवल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही, हे मी तिथेच ठरवलं.

सुरुवातीला इंजिनचा कल, म्हणजे ट्रिम, पूर्ण खाली. गॅस दिला की नाक वर उठतं आणि क्षणभर समोरचं काही दिसत नाही. मग बोट पाण्यावर चढते, नाक खाली येतं आणि ती सरकू लागते. तेव्हा ट्रिम हळूहळू वर घ्यायचा. पाण्याला घासणारं अंग कमी होतं, स्टिअरिंग हलकं पडतं. जास्त वर घेतला की नाक खालीवर आपटायला लागतं. आमची बोटही तशी आपटली, दादाने नुसतं “खाली घे” म्हटलं, बटण दाबलं आणि ती शांत झाली. उलट ट्रिम फार खाली ठेवून पळवली तर नाक पाण्यात रुततं आणि बोट अचानक एका बाजूला वळते. वेगात हे सगळ्यात वाईट.

बास बोटीची खरी परीक्षा याच्या पुढे असते. पूर्ण वेगात तिचं बहुतेक अंग पाण्याबाहेर असतं. ती तळाच्या मागच्या एका अरुंद, सपाट पट्टीवर तोललेली असते, सायकलस्वार तारेवर तोलावा तशी. मग ती डावीउजवीकडे डोलू लागते आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. घाबरून चाक जोरात फिरवलं तर झोका वाढतो. गॅस एकदम सोडला तर नाक कोसळतं. गॅस थोडा कमी, ट्रिम थोडा खाली आणि चाकाला बोटभर हालचाल, तीही झोका येण्याच्या आत. आमची बोट त्या वेगाला जात नाही, तरी दादाने माझ्याकडून चाकाची ती बारीक हालचाल पुन्हा पुन्हा करून घेतली. सवय कमी वेगातच लागायला हवी, असं त्याचं म्हणणं, आणि मला ते पूर्ण पटलं.

टेक्सासमध्ये न शिकता येणारी गोष्ट मात्र काठावरच्या तात्यांकडून कळली. त्यांची हयात चिलापी माशाच्या जाळ्यांत गेली. “वर सपाट दिसतं, पण खाली गावं हाईत,” ते म्हणाले. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघडं पडतं. तशाच भिंती, विहिरींचे कठडे, झाडांची खोडं. शिवाय जाळ्यांचे तरंगते डबे. त्यांच्यावरून गेलं की पंखा गुरफटलाच. म्हणून तात्यांनी आधी सावकाश फिरवून पाण्याचा मोकळा पट्टा दाखवला आणि मगच दादाने गॅस वाढवू दिला.

तात्यांचा दुसरा नियम वाऱ्याचा. कुगाव ते कळाशी, म्हणजे या काठावरून त्या काठावर, हे अंतर फार नाही, पण २१ मे २०२४ च्या संध्याकाळी वादळी वाऱ्यात तिथली प्रवासी बोट उलटली आणि सहाजण गेले. इतक्या उघड्या पाण्यावर लाट उठायला वेळ लागत नाही. अशा लाटेत काठ गाठायचा तर वेग कमी ठेवायचा, लाट तिरकी घ्यायची, सगळ्यांनी खाली बसायचं. वाट चुकली तरी चालेल, पण बोट लाटेला आडवी होऊ द्यायची नाही.

ऊन चढलं, पश्चिमेकडून झुळूक सुरू झाली तसे आम्ही बोट बाहेर काढली. अजून बराच गॅस शिल्लक होता हाताखाली, पण तात्यांनी वर बघितलं आणि दादाने विचारलंसुद्धा नाही. आता पावसाळा सरून धरण भरलं की वळणं शिकायला जायचं ठरलंय. तेव्हा खोडं खोल गेलेली असतात, आणि पट्टा तात्याच दाखवणार आहेत.