कुकरची शिट्टी झाली की मान डोलावणारा नंदीबैल: माझा अनुभव

आमच्या ओट्यावर सध्या पुठ्ठ्याचा नंदीबैल उभा असतो. कुकरची शिट्टी झाली की तो मान डोलावतो आणि पाठीवरच्या झुलीतला एक लाल एलईडी लागतो, तीन शिट्ट्या झाल्या की तीन दिवे. कसा बनवला असं बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहितेय.

गरज सासूबाईंची होती. आईंना समोर बसून बोललेलं कळतं, मिक्सर ऐकू येतो, पण कुकरची शिट्टी नाही. एवढा मोठा आवाज कसा काय निसटतो हे मला कोडंच होतं, मग कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की वय झालं की वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, आणि शिट्टी म्हणजे जोरात सुटलेली वाफ, तिचा बराचसा आवाज त्याच पट्टीत. श्रवणयंत्र आहे, पण भांड्यांचा खणखणाट त्यातून फार टोचतो म्हणून स्वयंपाकघरात त्या काढूनच ठेवतात. टायमर लावा असा सल्ला सगळ्यांनी दिला. पण आईंचा सगळा हिशोब शिट्ट्यांचा आहे, तुरीच्या डाळीला तीन, राजम्याला सहा, आणि इतक्या वर्षांचा हात बसलेला असताना त्यांनी नवा हिशोब का शिकायचा?

सगळ्यात आधी मोबाइलवर आवाजाचा आलेख दाखवणारं अ‍ॅप घेतलं आणि ओट्याशी उभं राहून कुकर, मिक्सर, एक्झॉस्ट फॅन, नळ, फोडणी असं सगळं रेकॉर्ड केलं. फॅन आणि मिक्सरचा जोर खालच्या बाजूला, आणि आमच्या शिट्टीचा वरच्या बाजूला, ३ ते ५ किलोहर्ट्झच्या (३,००० ते ५,००० हर्ट्झच्या) आसपास. म्हणजे आईंच्या कानाला जे ऐकू येत नाही नेमकं तेवढंच यंत्रानं ऐकायचं, बाकी सोडून द्यायचं! हे दिसलं तेव्हा मला फार आनंद झाला, कारण पुढचं सगळं काम इथून सरळ झालं.

सामान पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत मिळालं. आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम घालता येतो असा छोटा बोर्ड), छोटी एसजी९० सर्व्हो मोटर (सांगू तेवढ्याच कोनात फिरणारी), एलईडी, आणि माइक. माइकला दुकानदार म्हणाले, "ताई, मॅक्स ९८१४ घ्या, लांबचा आवाज आपोआप मोठा करतो." मला तेच नको होतं, शेजारच्यांचा कुकरही मोठा होऊन यायचा. म्हणून मॅक्स ४४६६ घेतला, त्यावर आवाज किती वाढवायचा ते छोट्या स्क्रूनं आपण ठरवतो.

उनो बोर्ड नेहमीच्या पद्धतीनं सेकंदाला साधारण ९,६०० वेळा माइक वाचतो आणि नियम असा की जितके नमुने घ्याल त्याच्या निम्म्यापर्यंतच्याच फ्रिक्वेन्सी नीट कळतात, म्हणजे ४,८०० हर्ट्झला गाडी थांबली, आणि आमची शिट्टी तर ५,००० च्या आसपास जाते. एक सेटिंग बदलून वाचायचा वेग चौपट केला. मग गोएर्टझेल नावाची पद्धत वापरली, १९५८ ची आहे, फोनचं बटण दाबल्यावर जो टूं आवाज येतो त्यावरून आकडा ओळखायला वापरतात. सगळा आवाज तपासत न बसता ठरवलेल्या फ्रिक्वेन्सीत किती जोर आहे एवढंच ती काढते, त्यामुळे २ किलोबाइट रॅमच्या बोर्डवरही आरामात चालते.

खरा त्रास फोडणीनं दिला. गरम तेलात ओली भाजी पडली की चर्र होतं, ते थेट शिट्टीच्याच पट्टीत, आणि नंदी मान हलवून मोकळा. तेव्हा वेळेची अट घातली, आवाज सलग सेकंदभर टिकला तरच शिट्टी, आणि एकदा मोजली की पुढचे दहा सेकंद काही मोजायचं नाही. आमची फोडणी एवढा वेळ त्या जोरात राहत नाही. दुसरी अडचण अशी की मान हलली की बोर्ड रिसेट व्हायचा आणि मोजलेलं सगळं शून्य, कारण मोटर सुरू होताना एकदम जास्त करंट ओढते. मोटरला वेगळा ५ व्होल्टचा चार्जर दिला, दोन्हीकडची ग्राउंड, म्हणजे वजा बाजूची तार, एकत्र जोडली आणि मोटरजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा भाग) लावला, रिसेट होणं थांबलं.

नंदी मात्र लेकीनं केला. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, तिथं तिनं टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांची काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची खेळणी बघितली होती, तीच ट्यूब तिनं मानेच्या सांध्याला वापरली आणि मान इतकी छान लवते की मला बघतच राहावंसं वाटतं. झूल आईंच्या जुन्या खणाची. पहिल्या दिवशी डोलला तेव्हा आई म्हणाल्या, "अगं, गुबुगुबू कोण वाजवणार?"

बनवणार असाल तर दोन गोष्टी. माइक गॅसपासून हातभर लांब आणि वाफेच्या वाटेत नको. आणि मोटरनं गॅसचं बटण बंद करायची आयडिया खूप जणांनी दिली, ती मी अजिबात करणार नाही, तुम्हीही करू नका, बटण अर्धवट फिरून ज्योत विझली आणि गॅस सुरूच राहिला तर काय? गॅस माणसानंच बंद करावा.

एकदम दोन कुकर लावले की मात्र नंदी दोघांच्या शिट्ट्या एकत्रच मोजतो, ते अजून सुटलेलं नाही. आता प्रत्येक कुकरजवळ एकेक माइक ठेवून ज्याचा आवाज मोठा त्याची शिट्टी, असं करून बघणार आहे, कोणी आधी केलं असेल तर नक्की सांगा.