ब्रेक दाबला की फुस्स : बूस्टरपर्यंत कसे पोचलो

वाई ते पाचगणी जेमतेम 12 किलोमीटर, पण मधे पसरणीचा घाट आहे. शाळेच्या नोकरीमुळे मी तो रोज चढते आणि उतरते. मागच्या पावसाळ्यात आमच्या अकरा वर्षांच्या पेट्रोल गाडीत ब्रेक दाबला की पायापाशी 'फुस्स' असा आवाज येऊ लागला आणि घाट उतरताना माझा जीव मुठीत असायचा.

पहिल्या गॅरेजमध्ये मी "ब्रेकचा आवाज येतो" एवढंच सांगितलं. त्यांनी पुढचे पॅड बदलले. काढलेले पॅड मी हातात घेऊन पाहिले, निम्म्याहून जास्त शिल्लक होते. आवाज तसाच राहिला. खूप राग आला. घरी आल्यावर विचार केला : पॅडचा आवाज चाक फिरताना येणार, हा तर गाडी जागेवर उभी असतानाही येतोय. मग दोन दिवस वहीत टिपून ठेवलं. इंजिन बंद असलं की आवाज नाही. सुरू असताना पाय ठेवला की येतो, उचलला की थांबतो. पाय दाबून धरला तर इंजिन थरथरतं.

ती वही घेऊन एका जुन्या मिस्त्रींकडे गेले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. वही वाचून बॉनेट उघडायच्या आधीच ते म्हणाले, "ताई, इंजिन बंद ठेवा आणि पाच-सहा वेळा पेडल मारा." पेडल दगडासारखं कडक झालं. "आता तसंच दाबून धरा आणि स्टार्टर मारा." इंजिन सुरू होताच पेडल थोडं खाली बसायला हवं. ते बसलं, पण सावकाश, आणि फुस्स काही थांबेना.

पेडल आणि मास्टर सिलिंडर (ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) यांच्या मधला काळा गोल डबा म्हणजे बूस्टर. त्यात एक रबरी पडदा असतो. पेट्रोल इंजिन हवा ओढतं, त्यातून मिळणारा व्हॅक्यूम पडद्याच्या दोन्ही बाजूंना राहतो. पेडल दाबलं की मागच्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडद्याला पुढे रेटते. आपल्या पायाला मदत होते ती हीच. (डिझेल गाडीत त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो.) त्यामुळे दाबताना क्षणभर हलकी फुस्स येणं साहजिक आहे. पाय स्थिर ठेवूनही ती चालू राहिली, तर हवा सतत आत जातेय. तीच पुढे इंजिनात पोचते, म्हणून ती थरथर.

पण हवा शिरते कुठून? अण्णांनी बूस्टरवरचा एकेरी व्हॉल्व काढून तोंडाने फुंकून पाहिला. एका बाजूने हवा गेली, दुसऱ्या बाजूने अडली, म्हणजे तो ठीक होता. इंजिनापासून बूस्टरला येणारा व्हॅक्यूमचा पाइप वाकवून पाहिला, कुठे चीर नव्हती. सगळं परत जोडून इंजिन सुरू केलं, मला पेडल दाबून धरायला सांगितलं, आणि पाइपाला फडकं गुंडाळून तो पकडीने आवळला. त्याच क्षणी थरथर थांबली. दोष पाइपाच्या पलीकडे, बूस्टरमध्येच होता.

त्यानंतरची गोष्ट मी विसरणार नाही. अण्णांनी देवापुढची अगरबत्ती पेटवून आणली आणि पेडलचा दांडा बूस्टरमध्ये जातो तिथल्या रबराजवळ धरली. सरळ वर जाणारा धूर मी पाय दाबताच वाकला आणि रबराच्या कडेने आत खेचला गेला. पाय तसाच दाबून ठेवला होता, तरी धूर आत जातच राहिला.

बूस्टर उघडून रबर बदलून देणारेही असतात. अण्णा त्याला तयार नव्हते आणि घाटातल्या गाडीसाठी मलाही ते पटत नव्हतं. नवीन बूस्टर मागवला. मास्टर सिलिंडरचे दोन नट खोलल्यावर अण्णांनी त्याच्या मागच्या तोंडावर बोट फिरवलं. ते कोरडं होतं. तिथे ब्रेक ऑइल पाझरलेलं असतं तर तोही बदलावा लागला असता, कारण ऑइल बूस्टरमध्ये उतरून नवं रबरही खाऊन टाकतं. ऑइलचे पाइप न सोडता सिलिंडर अलगद पुढे सरकवला, म्हणून ऑइलमधली हवा काढायचं कामही वाचलं.

नवीन बूस्टर बसवल्यावर दोन चाचण्या केल्या. इंजिन सुरू होताच पेडल लगेच खाली बसलं. इंजिन बंद करून जरा वेळ थांबल्यावरही पहिले दोन दाब मऊ लागले, म्हणजे व्हॅक्यूम टिकत होता. मग अण्णा शेजारी बसले आणि आम्ही घाटात वरपर्यंत जाऊन खाली उतरलो, दुसऱ्या गिअरमध्ये, काचा बंद करून. प्रत्येक वळणाआधी ते म्हणत, "दाबा," आणि मी दाबत होते.