रिपोर्टात ९७ टक्के, तरी तळं गळतंय

गोव्यातल्या सत्तरीत एका कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, मातीचा बांध घालून तळं केलेलं, पावसाळ्यात तुडुंब भरलं आणि दिवाळी झाली तसं पाणी भराभर खाली जायला लागलं. मालक काकांचा फोन, "पाणी खंय वता मरे, तूं येवन पळय." मी माती तपासायच्या लॅबमध्ये कामाला, त्यामुळे असले फोन मलाच.

जायच्या आधी काकांना सांगून ठेवलेलं की एक बादली भरून तळ्याच्या कडेला उन्हात ठेवा आणि रोज दोन्हीकडची पातळी बघा, बादलीत उतरतं ते ऊन-वाऱ्याने, तळ्यात त्याहून जास्त उतरतं ते झिरपून. बादली बोटभर उतरली तेव्हा तळं वीतभर उतरलेलं, म्हणजे उन्हाला दोष देऊन चालणार नव्हतं.

बांधाच्या खालच्या अंगाला पोफळींच्या मुळाशी पचपच. तिथलं पाणी काचेच्या बाटलीत धरून बघितलं, स्वच्छ होतं, तेवढं बरं वाटलं, गढूळ आलं असतं तर पाणी आतून माती घेऊन बाहेर पडतंय म्हणजे बांध पोखरतोय, मग बाकी सगळं सोडून आधी तळं खाली करायला लागतं.

कॉन्ट्रॅक्टर फाईल घेऊन उभाच. "कॉम्पॅक्शन ९७ टक्के आलंय, मागितलेलं ९५, अजून काय पाहिजे साहेब?" आकडा खोटा नव्हता हो, लॅबमध्ये ती माती जास्तीत जास्त जेवढी घट्ट बसते त्याच्या ९७ टक्के घट्ट साईटवर बसलेली. पण त्याच कागदावर शेजारचा ओलाव्याचा कॉलम कोणी वाचलाच नव्हता, लॅबने ऑप्टिमम मॉइश्चर, म्हणजे ज्या ओलाव्याला माती सगळ्यात घट्ट बसते तो, २२ टक्के दिलेलं आणि साईटवर माती १७ वर दाबलेली. ओली माती रोलरला चिकटते म्हणून कोरडीच पसरायची, वरून टँकरचं पाणी शिंपडायचं आणि दोन-चार फेऱ्या जास्त मारायच्या, डेन्सिटी येते, बिल पास.

माथ्यावर खड्डा मारला तर सगळं दिसलंच. कुदळीने माती फुटायची ती मुठीएवढ्या ढेकळांच्या कडेकडेनेच, ढेकूळ आतून दगडासारखं आणि दोन ढेकळांमध्ये नख जाईल एवढी फट, शिवाय दोन थरांच्या मध्ये गुळगुळीत सपाट रेघ, कारण रोलर साध्या ड्रमचा आणि पुढचा थर टाकायच्या आधी खालचा कोणी खरवडला नव्हता. खालच्या उतारावर ओल आडव्या पट्ट्यात दिसत होती ती याच रेघांमुळे.

कॉन्ट्रॅक्टरला पटेना. मग तीच माती लॅबमध्ये आणून दोन साचे भरले, डेन्सिटी सारखीच, एक १७ टक्क्यांवर आणि दुसरा २४ वर, आणि दोन्हींवर फॉलिंग हेड टेस्ट लावली, म्हणजे वरच्या नळीतलं पाणी मातीतून किती वेगाने उतरतं ते मोजलं. ओल्या साच्यातून पाणी साधारण शंभरपट हळू गेलं. ऑप्टिममच्या वर ओली असली की ढेकळं मऊ होऊन एकमेकांत मिसळतात, मोठी छिद्रंच उरत नाहीत, आणि पाणी जातं ते मोठ्या छिद्रांतून. डार्सी नावाच्या फ्रेंच इंजिनियरने १८५६ सालीच सांगून ठेवलंय की पाण्याचा दाब दुप्पट झाला तर झिरपणंही दुप्पट, पण पर्मिएबिलिटी, म्हणजे माती पाणी किती सहज जाऊ देते ते, बदलते तेव्हा दुपटीत नाही, दहापट-शंभरपट बदलते. कचरा डेपोखालच्या मातीच्या थराला सेकंदाला १० चा उणे ७ वा घात सेंटीमीटर ही मर्यादा धरतात, सरळ उभं झिरपलं तर वर्षाला जेमतेम ३ सेंटीमीटर. तसलं काम कोरड्या ढेकळांतून होत नसतं.

माझं आजोळ चोडणला, तिथे खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या, बांधाला चिखलच घालतात, कोरडी माती घालताना मी तरी कोणाला बघितलं नाही.

शेवटी आतल्या अंगाची माती काढली, ढेकळं फोडून, पाणी मारून, प्लास्टिकखाली रात्रभर मुरवली आणि पातळ थरांत, प्रत्येक थर खरवडून, शीप्सफूट म्हणजे ड्रमला खुरांसारखे खुंट असलेल्या रोलरने परत घातली. आता तळं बादलीपेक्षा थोडंच जास्त उतरतं. खालची पाईप बांधातून जाते तिथे अजून जरा ओल येते, तिला भोवती काँक्रीटची कॉलर करा म्हणून सांगितलंय, पण कॉन्ट्रॅक्टर म्हणतो ते मूळ एस्टिमेटमध्ये नाही आणि काका म्हणतात तुझ्या खिशातून कर.