मंगळवेढ्याच्या वाटेवरचा बोर्ड

सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ला आणि पार्क चौकातली गर्दी यात सोलापूरचा दिवस गेला. लॉजबद्दल न बोललेलंच बरं.

मंगळवेढ्याला जाताना बेगमपूरला भीमा ओलांडली की ज्वारीचं रान लागतं. फेब्रुवारीत कणसं भरलेली, जमीन भेगाळलेली. परतीच्या पावसाची ओल धरणाऱ्या या खोल काळ्या मातीत मालदांडी ही रब्बी ज्वारी पाण्याच्या पाळीविना येते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही आहे. अशाच एका बांधावर बोर्ड: ‘एनआरआय बांधवांसाठी खास शेतजमीन व फार्महाऊस प्लॉट. परदेशात बसून रिसेल.’ डोकंच फिरलं.

फेमा म्हणजे परकीय चलन कायद्याच्या नियमांनुसार अनिवासी भारतीयाला (एनआरआयला) घर किंवा दुकान घेता येतं. शेतजमीन, चहा-कॉफीसारखे मळे आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही. नियम मोडला तर दंड व्यवहाराच्या रकमेच्या तिपटीपर्यंत जातो. त्यात 1948 च्या कूळकायद्याचं कलम 63: घेणारा शेतकरी नसेल तर परवानगीशिवाय खरेदी नाही. मग दलाल गावातल्या कुणाच्या तरी नावानं खरेदीखत करतो, पैसे परदेशातले. नोंदणी झाली की जमीन आपली, असं पैसेवाल्याला वाटतं. फेरफार म्हणजे हक्कबदलाची नोंद मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव चढतं ते मात्र त्या गावकऱ्याचं. उद्या तो फिरला तर दाद कुठं मागणार? व्यवहार बेनामी ठरला तर जमीनच जप्त. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत निघतो. त्यात भोगवटादार वर्ग 2 (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) किंवा इतर हक्कांत कूळ, कर्जाचा बोजा दिसला तर खरेदीची बोलणी तिथंच थांबवावीत.

या कागदांच्या जंजाळाला सगळे शिव्या घालतात, मीही. पण जिथं हे जंजाळ नाही तिथं काय होतं? दक्षिण कोरियाच्या देवू लॉजिस्टिक्सनं 2008 मध्ये मादागास्करात मका आणि पामतेलासाठी 13 लाख हेक्टर जमीन 99 वर्षांसाठी मागितली. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतचा अख्खा सोलापूर जिल्हा 15 लाख हेक्टरही भरत नाही! लोक भडकले, मार्च 2009 मध्ये राष्ट्राध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं, नव्या सत्तेनं व्यवहार मोडीत काढला.

आणि हे फक्त परके करतात असंही नाही. बंगळुरूच्या करुतुरी ग्लोबल या गुलाबवाल्या कंपनीनं इथियोपियात गॅम्बेला भागात 1 लाख हेक्टर भाडेपट्ट्यानं घेतली. तिथं जमीन सरकारच्या मालकीची, त्यामुळे कसणाऱ्याची सही लागतच नाही. सरकारी हिशेबात पडीक असलेल्या रानात अनुआक लोक शेती करत, नुएर गुरं चारत. 2011 मध्ये बारो नदीच्या पुरात कंपनीचा मका बुडाला. गुलाबाच्या शेडमधला अनुभव पूरपट्ट्यात काय कामाचा? 2015 च्या अखेरीस सरकारनंच करार रद्द केला.

मंगळवेढ्याकडं एवढी जमीन गोळा करायची तर हजारो खातेदार गाठायचे आणि गटागटात चुलत भावांची भांडणं सोडवायची. शिवाय 1961 च्या कमाल धारणा कायद्यानं कोरडवाहू जमीनसुद्धा कुटुंबामागं 54 एकरांच्या वर ठेवता येत नाही.

राहिला तो रिसेल. वारसानं आलेली शेतजमीन अनिवासी माणूस ठेवू शकतो, पण विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. म्हणजे दुबईतल्या भावानं अमेरिकेतल्या भावाला विकायचा प्रश्नच नाही. बोर्डवर मोबाईल नंबर ठळक होता. जमीन नेमकी कुठली ते सांगणारा गट नंबर कुठंच नव्हता.