लोखंड घरात नको

मे महिन्यात दुपार कलली की आभाळ काळं होतं, आणि पहिला कडाका ऐकू आला की आमची आई विळा आणि पहार अंगणात भिरकावते. लोखंड घरात नको, वीज त्याच्या मागं येते, हे तिचं शास्त्र. पाऊस थांबल्यावर विळा उचलून, पुसून ठेवायचं काम माझं. पन्नाशी आली तरी बढती नाही.

यंदा वळवाच्या वेळी पुतण्या घरी होता. तो गोव्यात शिडाच्या बोटीवर कामाला असतो. आमच्या खानापूर तालुक्यातल्या पोरांना नोकरी बहुतेक घाटाखालीच सापडते. पावसाळ्याच्या तोंडावर बोटी किनाऱ्याला लागल्या की स्वारी घरी.

"आज्जी, आमच्याकडं असं टाकायला येत नाही बघ. पंधरा मीटरची डोलकाठी, ती पण अल्युमिनियमची. आजूबाजूला सगळं सपाट पाणी."

"मग वादळ आलं की काढून ठेवा की ती!"

आम्ही हसलो खरं; पण जुन्या आरमारी जहाजांवर कारभार साधारण आईसारखाच होता. वीज खाली पाण्यात न्यायची साखळी पेटीत असायची आणि वादळ दिसलं की खलाशानं ती वर चढवायची. पुष्कळदा ती पेटीतच राहायची. मग विल्यम स्नो हॅरिस या इंग्रज माणसानं तांब्याच्या पट्ट्या डोलकाठीत कायमच्याच बसवल्या, वरच्या टोकापासून थेट बोटीखालच्या पाण्यापर्यंत. 1831 साली डार्विनला घेऊन निघालेल्या बीगल जहाजावर त्याच पट्ट्या होत्या. वीज यायची ती येणारच, तिला खाली जायला सरळ वाट द्यायची. भाऊबंदकीतल्या तापट पाहुण्याला आम्ही असंच मागच्या दाराकडं नेतो.

खाऱ्या पाण्यात ती वीज चटकन पसरते. गोड्या पाण्याला ते तितकं जमत नाही, म्हणून ती बोटीतल्या बोटीतच आडवी उडी मारू शकते. हिडकलच्या धरणात शीड उभारायची माझी जुनी हौस तिथल्या तिथं निवाली.

पोरगं रंगात आलं होतं. चमक आणि आवाज यांच्यात तीन सेकंद गेले तर वीज एक किलोमीटरवर. पण मोजत बसण्यापेक्षा गडगडाट ऐकताच किनारा गाठायचा. नाहीच जमलं तर सगळे आत, डोलकाठीपासून लांब. पाण्यात पाय सोडून बसलेले पाहुणे सगळ्यांत आधी. आणि एका हातात सुकाणूचं लोखंडी चाक, दुसऱ्या हातात शिडाची तार, असं चुकूनही नाही; मग विजेची वाट आपल्याच छातीतून जाते. वीज पडून गेल्यावर पहिल्यांदा तळ बघायचा, कारण बाहेर पडताना ती कधीकधी भोक पाडून जाते. होकायंत्रावरही लगेच भरवसा ठेवायचा नाही.

"आणि जादाचा जीपीएस, फोन सगळं ओव्हनमध्ये ठेवतो आम्ही. चारी बाजूंनी पत्रा. वीज बाहेरून जाते, आतल्या वस्तूला सहसा धक्का नाही."

फॅरेडेनं 1836 साली धातूनं मढवलेली खोलीच उभारून हे दाखवलं होतं, अशी भर मी घातली. कुणी लक्ष दिलं नाही. आई मात्र ओव्हनपाशीच थांबली होती.

परवा पुन्हा गडगडलं. विळा अंगणात पडला, पहार पडली, आणि माझा मोबाईल कुठं सापडेना. घरभर शोधला. शेवटी पुतण्याच्या फोनवरून रिंग दिली, तर तांदळाच्या स्टीलच्या डब्यातून बारीक आवाज आला.